पंडिता रमाबाई आणि भंगलेल्या मनांची शुश्रूषा

पंडिता रमाबाई हे नाव आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस नवे नाही. त्यांची विद्वत्ता, केडगावचे मुक्तिसदन आणि मूळ भाषांवरून त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर ह्यांविषयी उपदेशक मंडळी वारंवार सांगत असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या बाईंच्या चरित्राचे एक अंग बहुधा दोन वाक्यांत आटोपले जाते. दुःखाने, भुकेने किंवा लोकांच्या क्रूरपणाने ज्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही अशा स्त्रियांस त्यांनी जवळ कसे केले, आणि त्यांचे स्वतःचे चित्त डळमळले त्या समयी त्यांस कोणी व कसे सावरले, हे ते अंग होय. भंडारा जिल्ह्यात असे गाव क्वचितच असेल की जेथे एखाद्या घराच्या मागच्या खोलीत, ज्याचे नाव घरची माणसे पाहुण्यापुढे काढीत नाहीत, असा एक जीव नाही. म्हणून आज हीच बाजू थोडी सविस्तर लिहितो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने वेड्यांविषयीचे कायदे केले. अशा माणसास कोठे कोंडावे आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहावी, ह्याकडेच त्या कायद्यांचा रोख होता. त्याची शुश्रूषा कशी करावी ह्याचा विचार त्यांत फार थोडा. पुढे सहा वर्षांनी, १८६४ साली, नागपुरास वेड्यांचे इस्पितळ निघाले. आपल्या भागातील लोक आजही जेथे जातात ते प्रादेशिक मनोरुग्णालय हेच.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रीने संस्कृत शिकू नये हे त्यांस पटले नाही, व त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला विद्या शिकविली. त्याबद्दल लोकांचा रोष झाला, तेव्हा अरण्यात आश्रम बांधून राहणे त्यांनी पसंत केले. आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता द्रव्य संपले, आणि रमाबाई अगदी लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे व कोणी मूठभर तांदूळ किंवा पैसा ठेवील त्यावर पोट भरावे, असा त्यांचा क्रम होता. शाळा रमाबाईंनी पाहिलीच नाही. आई पहाटे उठवून पाठ देई, आणि त्या पाठांतूनच भागवताचे हजारो श्लोक मुलीस तोंडपाठ झाले.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. मजुरीची ह्या कुटुंबास सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. होते नव्हते ते विकून झाले. मग रानातील पाला खाऊन दिवस काढले. दृष्टी गेलेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात देह सोडण्याचा निश्चय केला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. आपला जिल्हा तलावांचा आहे, आणि असा निश्चय करून तळ्याकाठी गेलेल्या माणसांच्या गोष्टी आपणांस कोणी सांगाव्या लागत नाहीत. अनंतशास्त्री वेडे नव्हते. भूक, लाज आणि निरुपाय ही तीन एका ठिकाणी आली म्हणजे शहाण्या माणसासही मरण हा मार्ग दिसू लागतो. त्यांस कोणत्या युक्तिवादाने थांबविले? कोणत्याही नाही. थोरल्या मुलाने, श्रीनिवासाने, आपण पडेल ते काम करून सर्वांस पोसू असे सांगितले, आणि बापाने बेत सोडला. ओझ्याची एक बाजू कोणी उचलली, एवढेच घडले. मात्र अन्नावाचून खचलेले शरीर सावरले नाही. काही दिवसांतच वडील गेले, मग आई गेली, पुढे थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीस खांदा देण्यास माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले. उरलेल्या खांद्यांस भाऊ व रमाबाई उभी राहिली, आणि उंची कमी पडल्यामुळे रमाबाईंनी आपला भार डोक्यावर घेतला. त्या वेळी त्यांचे वय सोळा वर्षांच्या आसपास होते.

मग ही दोन भावंडे हिंदुस्थानभर पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीची रात्र काढावयाची तर अंगावर पांघरूण नाही. तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि तोंड तेवढे उघडे ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ह्या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सर्वत्र व्याख्याने व मानपत्रे सुरू झाली. परंतु १८८० साली श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. पुढल्या वर्षी एप्रिलात मनोरमा जन्मली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. आठदहा वर्षांच्या अवधीत आईबाप, बहीण, भाऊ व नवरा इतकी माणसे ज्या स्त्रीने गमावली, ती त्या दिवशी तेवीस वर्षांची होती व तिच्या मांडीवर दहा महिन्यांची मुलगी होती. विद्वत्तेच्या गोष्टी सांगताना हा हिशेब आपण विसरतो.

पुण्यास येऊन त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापिला. शिक्षणाची चौकशी करण्यास आलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली आणि ह्या देशातील स्त्रियांकरिता स्त्री-डॉक्टर पाहिजेत हे आग्रहाने मांडले. स्वतः डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुण्यात सेंट मेरी भगिनीसंघाच्या इंग्रज भगिनी काम करीत होत्या. त्यांच्या साहाय्याने १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. बरोबर लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण होती. वांटेज गावी भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. परंतु रमाबाईंचे कान अधू होते व ऐकणे कमी कमी होत चालले होते, त्यामुळे वैद्यक शिकण्याचा मार्ग बंद झाला.

आता जी गोष्ट सांगावयाची ती चरित्रकार घाईने सांगतात. त्याच वर्षी वांटेज येथे आनंदीबाई भगत हिने स्वतःच्या हाताने आपला प्राण दिला. परका देश, परकी भाषा, परके अन्न. त्यांत आपणांस बळेच ख्रिस्ती करतील ह्या भयाने तिला घेरले होते. ऑक्सफर्डचे संस्कृत पंडित मॅक्समुल्लर ह्यांनी लिहून ठेविले आहे की, प्राण देण्यापूर्वी तिने रमाबाईंचाच गळा दाबून त्यांस मारण्याचा यत्न केला होता. शत्रुत्व म्हणून नव्हे; आपल्या मैत्रिणीस जे संकट येणार असे तिच्या भ्रांत मनास वाटत होते, त्यातून तिला सोडवावे म्हणून. तिला बळाने ख्रिस्ती करण्याचा कोणी घाट घातला होता असे नाही. परंतु भय खरे असावयास त्याचे कारण खरे असावे लागत नाही, हे ज्याने असा रोगी पाहिला आहे तो जाणतो. आणि आपण उपदेशकांनी येथे मान खाली घालून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याचे मन कापत आहे त्याच्यापुढे मरणाचे, न्यायाचे व नरकाचे बोलणे काढू नये. तो समय उपदेशाचा नव्हे. त्याला ऐकू येते ते आपण बोलतो ते नव्हे, त्याचे भय बोलते ते.

ह्या घटनेने रमाबाई खचल्या. बाप तळ्याकाठून परत आला होता. सोबतीण परत आली नाही. मॅक्समुल्लर ह्यांनी त्यांस काही दिवस आपल्या घरी ऑक्सफर्डला ठेवून घेतले. त्यांच्या मनाची अवस्था अशी झाली होती की, रात्री एकटे निजणे त्यांस शक्य होईना. तेव्हा त्या घरच्या मंडळींनी काय केले? रोज रात्री एक मोलकरीण त्यांच्या खोलीत निजावयास ठेविली.

युरोपातील एवढ्या मोठ्या पंडिताचे घर, पण त्यांस जे औषध मिळाले ते वेदान्ताचे नव्हते, एका मोलकरणीच्या सोबतीचे होते. त्या मुलीचे नाव इतिहासात उरले नाही. ती फार काही बोलली असेल असे नाही; रमाबाईंची भाषा तिला येत नव्हती आणि रमाबाईंस नीट ऐकू येत नव्हते. ती तेथे होती, एवढेच. आज परिचारिकांस मनोरुग्णांच्या शुश्रूषेचे जे शिक्षण देतात, त्यांत जीव देण्याचा धोका असलेल्या रोग्यास रात्रंदिवस दृष्टीआड होऊ देऊ नये, त्याच्याजवळ शांतपणे बसावे, त्याची झोप व जेवण आधी सांभाळावे, हेच पहिले पाठ असतात. शास्त्र जाणणाऱ्यांस एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवेल. झुडपाखाली पडून तो मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रथम बोध केला नाही. भाकर व पाणी दिले, निजू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. बोलणे त्यानंतर फार दिवसांनी आले.

जाता जाता कायद्याविषयी सांगतो. आपल्या देशात १८६० च्या दंडसंहितेने जीव देण्याचा यत्न हा गुन्हा ठरविला होता, आणि कित्येक वर्षे बरी झालेली माणसे पोलिसांच्या भयाने इस्पितळातून पळ काढीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, ह्याने असे ठरविले की, असा यत्न करणारा मनुष्य अत्यंत ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. हे गावच्या पोलीस पाटलास ठाऊक नसेल तर उपदेशकाने सांगावे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा व मनोरमेचा वांटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यांचे मन ख्रिस्ताकडे कशाने ओढले गेले हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले आहे, व त्यात वादविवादापेक्षा एका भेटीस अधिक महत्त्व दिले आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे भगिनींचे एक घर होते. ज्यांस जगाने पतित म्हणून टाकले अशा स्त्रियांस तेथे ठेवून घेत. त्या घरातील स्त्रियांशी भगिनी ज्या मायेने वागत, ती पाहून रमाबाई चकित झाल्या. कारण अशा स्त्रीस जवळ करणे हे पुण्यकर्म आहे असे त्यांनी तोवर कोठे ऐकले नव्हते. ते फुलहॅमचे घर त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाही असे पुढील गोष्टींवरून दिसते.

चेल्टनहॅमच्या स्त्री-विद्यालयात काही काळ संस्कृत शिकवून व स्वतः शिकून त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या. निमित्त होते डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानाचे. तेथे त्यांनी लहान मुलांस खेळातून व हस्तकामातून शिकविण्याची फ्रोबेलची पद्धत अभ्यासिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, व बोस्टन शहरी स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीने परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ह्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ झाले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाचा इतिहास येथे नको. सांगावयाचे एवढेच की, केस उतरविलेल्या, कोनाड्यात बसविलेल्या, आपल्याच पापाने नवरा मेला असे ऐकत वाढलेल्या त्या बालविधवा सदनात येत, तेव्हा कित्येक दिवस मान वर करीत नसत. अशा मुलींस रमाबाईंनी पुस्तकापूर्वी बाग, खेळ व मोकळे बोलणे दिले. मन दडपलेल्या मुलास हाताला काम व डोळ्याला फूल दिले असता जीभ आपोआप सुटते, हे त्या फ्रोबेलकडून शिकल्या होत्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १८९६ साली पाऊस लवकर उघडला आणि मध्यप्रांतात भात बुडाले. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता. भाताच्या ह्या मुलखात लोंबीत दाणा न भरता पाऊस जाणे म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी बंधूंस समजावणे नको. त्या दुष्काळाची बातमी ऐकताच रमाबाईंस आपल्या आईबापांचे मरण आठवले. पुण्यातील सदनाचे काम, पैशाची ओढाताण, असोसिएशनचे नियम ही सारी बाजूस ठेवून त्या मध्यप्रांतात गेल्या. सरकारी गरीबखान्यांत त्यांनी जे पाहिले त्याने त्यांची झोप गेली. सांगाडे झालेली मुले, आईबाप मेलेल्या मुली, आणि त्या असहाय मुलींवर टपलेले दुष्ट पुरुष. त्यांत कोठे कोठे रखवालदारही सामील. भुकेहून हे वाईट, असे त्यांचे मत झाले. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी १८९७ साली आणिल्या व ठेविल्या.

पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर होता, व शहरात इतकी माणसे ठेवण्यास बंदी झाली. तेव्हा केडगावच्या माळावर सदनाच्या खर्चाकरिता घेतलेले जे शेत होते तेथे त्यांस नेले. इमारत नव्हती, तंबू व गवताच्या झोपड्या होत्या. सुंदराबाई पवार ह्या देशी ख्रिस्ती भगिनी मदतीस आल्या. पुढल्या वर्षी मिनी अब्राम्स ह्या अमेरिकन बाईंनी देखरेख पत्करली. हेच मुक्तिसदन.

भुकेने गांजलेले मन कसे वागते हे ज्याने पाहिले नाही त्याला ह्या कामाची कल्पना यावयाची नाही. पोट भरले तरी तसा मनुष्य भाकर कमरेला लपवितो. दुसऱ्याच्या ताटावर झडप घालतो. रात्री ओरडत उठतो, किंवा उलट, दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसतो व हाक मारली तरी वळत नाही. एकदम पोटभर अन्न दिले तर तेच प्राणघातक होते. म्हणून थोडे थोडे, वारंवार, पातळ अन्न द्यावे लागते, आणि ज्याला द्यावयाचे तो तर शिव्या देऊन अधिक मागत असतो. ज्या मुलींवर अत्याचार झाला त्यांस कोणाचा हात लागला तरी थरकाप होई. अशा तीनशे जणी, आणि त्यांस सांभाळणाऱ्या शिकलेल्या परिचारिका जवळजवळ नाहीत!

रमाबाईंनी जो मार्ग काढला तो सोपा होता व म्हणूनच चालला. शारदासदनातील जुन्या मुलींस त्यांनी नव्या मुलींच्या आया केले. लहान लहान गट पाडून एकेक गट एकेका थोरल्या मुलीकडे दिला; तिने त्यांस न्हाऊ घालावे, त्यांच्या उवा काढाव्या, त्यांच्याबरोबर जेवावे, व त्यांच्यातच निजावे. काल जी बालविधवा स्वतः कोनाड्यातून उठून आली होती ती आज दुसरीच्या उशाशी बसू लागली. ऑक्सफर्डच्या त्या मोलकरणीची आठवण रमाबाईंस ह्या वेळी झाली असेल, असे मला वाटते.

दुसरे साधन काम. मुक्तिसदनात पुढे शेती, बाग, माग, शिवण, धुलाई, तेलाचा घाणा, गोठा, भटारखाना, छापखाना, असे कितीतरी उद्योग निघाले. ते केवळ पैशाकरिता होते असे समजू नये. जिला अक्षर येत नाही तिने सूत काढावे. जिला सूतही जमत नाही तिने धान्य निवडावे. निकामी म्हणून कोणी बसून राहू नये, अशी ती योजना होती. ज्या बाईची बुद्धी मंद आहे तिलाही रोजच्या दिवसाला एक आकार मिळतो: उठणे, न्हाणे, प्रार्थना, काम, जेवण, झोप. आजचे मानसोपचारही ह्या दिनक्रमास फार मानतात.

१८९९ साली कृपासदन निघाले. ज्या स्त्रिया फसविल्या गेल्या, विकल्या गेल्या, रोगग्रस्त झाल्या, त्यांच्याकरिता हे वेगळे घर. फुलहॅमच्या घराचे बीज सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर रुजले. हे काम सर्वांत कठीण. अशी स्त्री उपकार मानील अशी अपेक्षा धरून जो जातो तो आठ दिवसांत परत येतो. ती भांडते, पळते, पुन्हा येते, आरसे फोडते, आणि आपल्यावर माया करणाऱ्या माणसाचीच अधिक परीक्षा पाहते; कारण मायेच्या नावाने तिला पूर्वी फसविलेले असते. रमाबाईंनी हे ओळखून दार उघडे ठेविले.

१९०० साली गुजरात-राजपुतान्याच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या व मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. ह्या वेळी मध्यप्रांताच्या मुली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः भाकर लपवीत होत्या त्या, नव्या मुलींच्या आया झाल्या. अंध मुलींकरिता मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या व त्यांनी त्यांस वाचावयास शिकविले. वृद्ध व दुबळ्या स्त्रियांची सोय झाली. सर्व बऱ्या झाल्या असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ मेल्या, काही पळून गेल्या, काही जन्मभर तशाच राहिल्या व त्यांस तसेच सांभाळावे लागले. जेथे बरे होणे नाही तेथेही सांभाळणे आहे, हे मुक्तिसदनाने पत्करले होते. इतक्या जणींचा कारभार म्हटला म्हणजे शिस्त कडक असणारच. रमाबाईंचा स्वभावही करारी होता, व त्यांच्याशी मतभेद होऊन सोडून गेलेली माणसेही होती. पण साखळदंडाने वळण लावण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही.

ह्या साखळीविषयी आमच्या गावांतून बोलणे अवश्य आहे. वेड लागले की बाहेरचे झाले म्हणावे, भगताकडे न्यावे, कोंबडे द्यावे, धूर द्यावा, मार द्यावा, आणि शेवटी पायात बेडी घालून खांबाला बांधावे, हा क्रम अजून कित्येक ठिकाणी आहे, व ख्रिस्ती घरेही त्यातून अगदी सुटली आहेत असे नाही. फक्त भगताच्या जागी प्रार्थना करून भूत काढणारा कोणी येतो. गरसेकरांच्या प्रांतातील त्या थडग्यांत राहणाऱ्या मनुष्याला त्याच्या गाववाल्यांनी किती वेळा साखळ्या घातल्या व त्यांचा काय उपयोग झाला, हे मार्काने नीट सांगितले आहे. उपदेशकांनी त्या अध्यायाचा तो भाग वगळू नये. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे एका खाजगी आश्रमात आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली अठ्ठावीस माणसे जळून मेली; त्यांस पळता आले नाही. २०१७ च्या कायद्याने अशा रोग्यास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

रमाबाईंच्या काळी मनोविकारावर औषध असे नव्हतेच. चित्तभ्रमावर गुण देणारे पहिले खरे औषध १९५२ साली फ्रान्समध्ये वापरात आले, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. म्हणून त्यांच्यापाशी सोबत, अन्न, काम व प्रार्थना एवढेच होते. आज केवळ तेवढ्यावर राहणे हा रोग्यावर अन्याय होईल; भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मनोरुग्णालयात दाखवून औषध सुरू करावे, व बरे वाटले म्हणून डॉक्टरास न विचारता ते बंद करू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलि-मानस नावाची मोफत सोय केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केला असता मराठीतही सल्ला मिळतो. परंतु गोळी देणारा हात कोणाचा तरी असावा लागतोच, व रात्री उशाशी निजणारे माणूसही.

१९०५ नंतरची रमाबाईंची वर्षे मुख्यत्वे शास्त्राच्या भाषांतरात गेली. खेड्यातील अडाणी बाईसही समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून ते सोप्या मराठीत उतरविले. छपाईही मुक्तिसदनाच्या मुलींनीच केली. कानांनी आता जवळजवळ काही ऐकू येत नसे. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. सदनाचा भार पुढे मनोरमाबाईंवर सोपवावयाचा असे ठरले होते. त्या प्रकृतीने नाजूक होत्या. अतिश्रमाने खंगून जुलै १९२१ मध्ये मिरजेच्या मिशन इस्पितळात त्या आईच्या आधी गेल्या. चाळीस वर्षांपूर्वी पती गेला त्या दिवशी मांडीवर असलेली तीच ही मुलगी.

ह्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. मुक्तिसदनातल्या ज्या बायांस त्यांनी एके काळी अंधारातून उठविले होते, त्या आता त्यांच्या भोवती होत्या. रमाबाईंनी काम सोडले नाही. शास्त्राच्या शेवटच्या पानांची तपासणी चालूच ठेविली आणि ती पुरी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा अंत झाला व तेथेच त्यांस मूठमाती देण्यात आली. संपूर्ण भाषांतर दोन वर्षांनी, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. मुक्तिसदन आजही केडगावास आहे. निराधार स्त्रिया, अनाथ मुली व अंध ह्यांचा सांभाळ तेथे चालतो.